मामीच्या पेटीतला तिसरा भाग

उद्या परग्रहावरून एखादी तबकडी येऊन दौंड तालुक्यात उतरलीच, तर तिच्यातून बाहेर पडणाऱ्याला सगळ्यात आधी माझी धाकटी मामी गाठेल, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. ती आधी त्याच्या तोंडात पोलिओचे दोन थेंब सोडेल, तोंडं दोन असली तर चार सोडेल, आणि मग कपाळाला आठ्या घालून विचारेल, "सध्या काय वाचताय?" त्यानं काहीच वाचत नाही म्हणून सांगितलं, तर त्याची तबकडी परत उडाली म्हणून समजू नका. मामी तिला खुट्टी लावेल.

मामी राहू गावच्या उपकेंद्रात नर्स होती. मामा दौंडला रेल्वेत फिटर. मामी आठवडाभर राहूला आणि रविवारी दौंडला, असा तो संसार नव्वदचं अख्खं दशक एसटीच्या वेळापत्रकावर चालला. आमच्याकडं चौदा एप्रिलला कपड्यांच्या आधी पुस्तकांची खरेदी व्हायची, त्यामुळं वाचणारी बाई हे काही नवल नव्हतं. पण बाकीचे कामाची पुस्तकं घेत. मामी घ्यायची ती ज्यात माणूस भिंतीतून आरपार जातो, झाडं राज्य करतात, किंवा मंगळावर पाण्याची पाळी लागते, अशी. तिचं माहेर शिरूर. तिथं तिच्या भावाचं रद्दीचं दुकान. कव्हरावर रॉकेट, राक्षस किंवा तीन डोळ्यांचा माणूस दिसला की पुस्तक बाजूला काढून बहिणीला धाडायचं, एवढं तो इमानेइतबारे करी. एकदा रॉकेट बघून त्यानं फटाक्यांचं किंमतपत्रक पाठवलं. मामीनं तेही शेवटपर्यंत वाचलं आणि निरोप धाडला, "सुरुवात जोरात हाय, पण गोष्ट पुढं सरकत न्हाई."

"हिला सात ग्रहांवरल्या राजांची वंशावळ पाठ हाय," मामा म्हणायचा, "आन् माझ्या चपलेचा नंबर विचारा."

वाचून गप्प बसली असती तर ती मामी कसली? तिला पुस्तक दुसऱ्याच्या गळी उतरवल्याशिवाय चैन पडत नसे, आणि उतरवल्यावर तर अजिबात चैन पडत नसे. तिची पद्धत पेनिसिलीनची होती. नवीन वाचकाला आधी टेस्ट डोस. म्हणजे चार पानांची छोटी गोष्ट द्यायची, समोर बसून वाचून घ्यायची, आणि पाव तास त्याच्या तोंडाकडं बघत राहायचं. भुवया वर गेल्या, श्वास लांबला, चहा गार झाला, तर माणसाला पुस्तक मानवतंय. खाजवायला लागला, तर बंद. मग रीतसर डोस. "रोज दोन प्रकरणं, जेवणानंतर. बीपीवाल्यांनी अंतराळातली लढाई टाळायची. बाळंतिणीला यंत्रमानव नको, दूध आटतं." दूध खरंच आटतं का, हे तिला विचारायची कुणाची छाती नव्हती.

एवढी काळजी घेऊनही वरवंडच्या एका ट्रॅक्टरवाल्याला रिॲक्शन आलीच. त्याला तिनं एका ग्रहाची गोष्ट दिली होती, जिथली माती विचार करते. ऐन नांगरटीत गडी ट्रॅक्टर बांधाला लावून बसला. "सिस्टर, फाळ घालवंना हो. खालून कोनतरी कण्हतंय." मामीच्या तोंडचं पाणी पळालं. माझ्या खटारा स्कूटरवर मागं बसून ती वरवंडला गेली आणि बांधावरच त्याला उताऱ्याची गोष्ट सांगितली, ज्यात नांगरटीनं मातीला गुदगुल्या होतात. ही गोष्ट आजवर मला कुठल्याही पुस्तकात सापडलेली नाही. गडी मात्र इतका खुशीत आला, की आपलं रान नांगरून शेजाऱ्याचंही अर्धं एकर नांगरून मोकळा झाला.

पुस्तक दिलं की मामीला घास गोड लागत नसे. आवडेल का? मधेच सोडलं तर? त्या सातव्या प्रकरणात घाबरला तर? यवतच्या स्टँडवर सुटलेल्या एसटीमागं पळत "सातवं झालं का हो? सातवं?" असं ओरडणारी पांढऱ्या साडीतली बाई बघून कंडक्टरला वाटलं, कुणाचा तरी सातवा महिना आहे. त्यानं सिंगल बेल मारून गाडी थांबवली आणि गाडीतल्या सगळ्या बायांकडं संशयानं पाहिलं.

बाजाराच्या दिवशी उपकेंद्राच्या पायरीवर तिच्या वाचकांची बैठक बसायची. कोण काय वाचतंय, कुठवर आलंय, पुढं काय घ्यावं, याची चर्चा. नियम एकच: शेवट सांगायचा नाही. शाळेतल्या एका गुरुजींनी एकदा चहाच्या टपरीवर एका कादंबरीचा शेवट फोडला, तर मामीनं त्यांची पुस्तकं वर्षभर बंद केली. गुरुजी शेवटी भिंतीवरच्या कुटुंबनियोजनाच्या पाट्या गोष्टीसारख्या वाचायला लागले.

आणखी एक सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ही एवढी परीराज्यात रमणारी बाई, पण अंधश्रद्धेचं नाव काढलं की फणा काढायची. अमावास्येला मुद्दाम प्रवास. मांजर आडवं गेलं, तर ती मागं फिरून मांजराला आडवी जाई. उपकेंद्राच्या दाराला कुणीतरी लिंबू-मिरची बांधली, तेव्हा तिनं सगळ्यांदेखत लिंबाचं सरबत करून प्यायलं आणि मिरच्यांचा ठेचा केला. "गोष्ट ती गोष्ट, औषध ते औषध," ती म्हणायची. "दोन्ही एका पेटीत ठेवायचं न्हाई." आणि खरंच, लसीची पेटी वेगळी होती, पुस्तकांसाठी तिच्याकडं कडी मोडलेली, कामातून गेलेली दुसरी निळी पेटी होती.

तिचे सगळ्यात अवघड पेशंट म्हणजे राहूचे आप्पा. माजी सरपंच, नदीकाठाला ऊस, आवाज असा की बोलले की गुऱ्हाळावरची माशी उडावी. मामी नवी होती तेव्हा आप्पांच्या ओट्यावर तिला चहा वेगळ्या कपात यायचा. ती त्यावर काही बोलली नाही, कप मात्र लक्षात ठेवला. बीपी तपासता तपासता तिनं आप्पांना टेस्ट डोस दिला. तिसऱ्या पुस्तकाला कप बदलला. चौथ्याला आप्पा स्वतः उपकेंद्राच्या पायरीवर येऊन बसले आणि म्हणाले, "सिस्टर, पुढचं काय हाय?"

पुढचं होतं ते तीन भागांचं. एक दर्या, त्याला किनारा नाही. एक म्हातारा नावाडी, आणि त्याच्या नावेत बुडालेल्या जगातली उरलीसुरली माणसं. आप्पांनी आयुष्यात कधी समुद्र पाहिला नव्हता, पण त्या म्हाताऱ्याचं वल्हवणं त्यांना पटेना. "ह्याला पान्याची जान न्हाई. भोवऱ्यात नाव आडवी घालतो व्हय रं कुनी?" असं ते सालगड्याला विचारत. दुसऱ्या भागाच्या शेवटी म्हाताऱ्याच्या छातीत कळ आली, वल्हं हातातून सुटलं, नाव भोवऱ्यात गेली. आणि पुस्तक संपलं.

त्याच पंधरवड्यात आप्पांच्या छातीत कळ आली.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन, तेही लगेच. आप्पा खाटेवर बसून म्हणाले, "आधी तिसरा भाग." थोरल्या मुलानं हात जोडले, सून रडली. आप्पांचं एकच, "त्या म्हाताऱ्याचं काय झालं ते कळल्याबिगर मी टेबलावर चढायचा न्हाई."

तिसरा भाग शिरूरहून आला होता. मीच तर आणला होता. सगळ्या गावाला ते माहीत होतं. आणि मामी म्हणाली, "आत्ता न्हाई. परत आल्यावर."

"अहो सिस्टर, पुस्तकच हाय ना?" मुलगा ओरडला. "काय सोन्याचं हाय का?"

"परत आल्यावर."

आप्पांनी विचारलं, "आन् परत न्हाई आलो तर?"

मामीनं बीपीचा पट्टा गुंडाळून ठेवला. "आप्पा, माझं एक बी पुस्तक आजवर अर्धवट ऱ्हायलेलं न्हाई. तुम्ही पहिले व्हनार का?"

आप्पा पुण्याला गेले. हट्टाला हट्ट भेटला म्हणून गेले. गावानं मात्र मामीला धारेवर धरलं. मरणाच्या दारातल्या माणसाची इच्छा मोडली म्हणे. गुरुजी तर म्हणाले, "आम्हाला वर्षभर बंदी ठीक होती हो, पण हे फार झालं." बाजाराच्या दिवशी पायरीवर कुणी आलं नाही. मामी जेवेना. मामानं दौंडहून डबा पाठवला, तो तसाच परत.

ऑपरेशनच्या दिवशी मी तिला स्कूटरवर घालून यवतला आणलं. आप्पांचा मुलगा पुण्याहून तिथल्या एसटीडी बूथवर फोन करणार होता. दुपारचं ऊन, हायवेवर ट्रकांची रांग, आणि मामी बाकावर निळी पेटी मांडीवर घेऊन बसलेली. फोन वाजला की ती उठायची. दर वेळी तो दुसऱ्याच कुणाचा असायचा. कुणाच्या टोमॅटोचा भाव, कुणाची सोयरीक. पेटीत पुस्तक होतं आणि पुस्तकाला गोणीला बांधतात तसा सायकलच्या ट्यूबचा रबर करकचून बांधलेला.

मला राहवेना. "मामी, मला तरी सांग. तो म्हातारा जगतो का?"

"मला काय माहीत!"

मी बाकावरून पडायचाच बाकी राहिलो. "म्हणजे? तू वाचलं नाहीस?"

"दोन पानं वाचली. त्याला ताप भरला. मग मिटलं." ती पेटीवर हात ठेवून रस्त्याकडं बघत राहिली. "तो मेला आन् इकडं आप्पांना काय झालं, म्हंजी?"

"अगं, पुस्तकातला म्हातारा तो!"

"तेच म्हंते मी बी सवताला," मामी म्हणाली. "सकाळपासून तेच म्हंते. पन रबर सोडवत न्हाई."

दाराचं लिंबू पिऊन टाकणारी बाई. मांजराला आडवी जाणारी बाई. तेवढ्यात बूथवाल्यानं हाक मारली, "राहूच्या सिस्टर, पुणे!" मामी उठेना. फोन मी घेतला. पलीकडून आप्पांचा मुलगा इतक्या मोठ्यानं बोलला की बहुतेक फोनशिवायही ऐकू आलं असतं. ऑपरेशन झालं होतं. आप्पा शुद्धीवर होते. आणि शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द काय, तर "बाईला म्हनावं, रबर काढून ठेव." रबराची बातमी त्यांच्यापर्यंत कशी गेली, हे राहूत कुणी कुणाला विचारत नाही.

आप्पा घरी आले आणि अंगणातल्या खाटेवर उशांना टेकून त्यांनी तिसरा भाग हातात घेतला. डोस वगैरे काही नाही, एका बैठकीला. मामी बीपी बघायच्या निमित्तानं ओट्यावर ठाण मांडून बसलेली, मी तिला न्यायला आलेला. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तेव्हा आप्पांनी शेवटचं पान उलटलं. पुस्तक मिटलं. बराच वेळ उसाकडं पाहिलं, मग मामीकडं. ती पट्टा गुंडाळत होती आणि परत सोडत होती.

"पोचला," आप्पा म्हणाले. "किनारा घावला त्याला. नाव वढून वाळूवर घेतली गड्यानं, आन् बसला निवांत तंबाखू मळत."

मामीनं पट्टा बाजूला ठेवला. पदर तोंडाला लावून आधी रडली, मग हसली, आणि मग एकदम ताठ झाली. "आप्पा! शेवट सांगितलात की!"

"सांगितला तर सांगितला."

"नियम म्हंजी नियम. वर्षभर तुमाला पुस्तक बंद."

आप्पांनी मान खाली घालून ती शिक्षा घेतली. सरपंचकीत कुणाचं ऐकून न घेतलेला माणूस, वर्षभर गुरुजींसारखा भिंतीवरच्या पाट्या वाचत हिंडला.

तिसरा भाग मग मी नेला. म्हातारा पोचत नाही. शेवटून दुसऱ्या पानावर, किनारा दिसायच्या आधीच, तो वल्हं नातीच्या हातात देतो आणि दर्या त्याला घेतो. तंबाखूचा तर सबंध पुस्तकात उल्लेख नाही. मी तडक राहूला गेलो. आप्पा गोठ्यात होते. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी हात वर केला. "गप. शेवट सांगायचा न्हाई, ठाव हाय ना?"

आप्पा पुढं पुष्कळ वर्षं जगले आणि एका हंगामात ऊस तुटून गेल्यावर झोपेतच गेले. मामी रिटायर होऊन दौंडला आली. निळी पेटी खाटेखाली आहे. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तरी टेस्ट डोस चालूच आहे, आणि तीन भागांचं ते पुस्तक ती प्रत्येकाला देते, तिसरा भाग हातात ठेवताना न चुकता सांगते, "घाबरू नका, शेवट गोड हाय." स्वतः ती त्या दोन पानांपुढं कधी गेलेली नाही. आपलाच नियम आपण मोडतोय हे तिला कुणी सांगत नाही. दौंड-यवत-वरवंडात ज्यांनी ज्यांनी ते वाचलं, त्या सगळ्यांनी पुस्तक परत करताना मामीच्या समोर बसून पाव तास तोंडाची एकही रेघ हलू दिलेली नाही. गुरुजींनीसुद्धा.

गेल्या वेळी माझी बायको परत द्यायला गेली. जाताना सबंध रस्ता तिचे डोळे गळत होते. फाटकाशी तिनं तोंड धुतलं, पदरानं पुसलं आणि आत जाऊन म्हणाली, "छान आहे, मामी. पोचतो म्हातारा."

मामीनं तिचा चेहरा जवळ घेऊन, डोळे बारीक करून, पुष्कळ वेळ बघितला. मग पुस्तक मांडीवर घेतलं, चाचपून त्याला रबर लावला, आणि म्हणाली, "आप्पा बोललेच व्हते मला."