कंप्रेसर रूममधलं ‘मेले’

आधीच सांगतो, भुताखेतांचे धागे मी इथे फक्त टवाळी करायला वाचतो. माझा विश्वास प्रेशर गेजवर, आणि तोही दोन गेज जुळले तर. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहितो.

मी मूळचा सांगलीचा, नऊ वर्षं चेन्नईत आहे. अमोनिया रेफ्रिजरेशनची सर्व्हिस करतो. शहराच्या उत्तरेला कोळंबीचं एक कोल्ड स्टोरेज आहे. तिथले जुने ऑपरेटर रामोजीराव, तंजावरकडचे मराठी, राहायला वेस्ट मांबलमला. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा कंप्रेसरचं ऑइल तापत होतं. ते म्हणाले, "मेले... मेले पाहा." मी दचकून विचारलं, "कोण मेले?" म्हातारा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. तमिळमध्ये ‘मेले’ म्हणजे वर. ऑइल थंड करणारा द्रव अमोनिया गच्चीवरच्या टाकीतून आपोआप खाली कूलरमध्ये उतरतो. ऑइल तापलं की आधी वर बघायचं, हा त्यांचा धडा. पुढे मी दिसलो रे दिसलो की ते "मेले" म्हणून चिडवायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं, स्वरयंत्रच काढावं लागलं. नोकरी सुटली. आता ते पाटीवर लिहून बोलतात. मी "येतो एकदा" म्हणत राहिलो आणि गेलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिथूनच सेल्वमचा, म्हणजे नव्या ऑपरेटरचा, फोन आला. "सार, ऑइल टेंपरेचर हाय, मशीन ट्रिप." दुपारी पोचलो. ऑइल फिल्टर बघितला, लेव्हल बघितली, सगळं ठीक. मग मी अतिशहाणपणा करून ठरवलं की कूलरच्या तळाशीच ऑइल साचलंय. वर काही बघितलं नाही. सेल्वम जेवायला गेला होता. ते काढायचा ड्रेन व्हॉल्व्ह एकट्याने उघडायचा नाही हे मीच लोकांना शिकवतो... आणि मीच उघडला.

थोडं ऑइल आलं आणि मग फस्सकन अमोनिया. व्हॉल्व्ह अडकला, बंद होईना. दार आणि मास्कचं कपाट दोन्ही गळतीच्या पलीकडे, माझ्यामागे भिंत. बाटलीतलं पाणी रुमालावर ओतून तो तोंडावर धरला आणि खाली बसलो. अमोनिया हवेपेक्षा हलका, वर जातो, म्हणून आपण खाली राहायचं — पाठ केलेलं. पण हा गार फवारा होता. पांढरं धुकं जमिनीलगतच माझ्याकडे सरकत होतं. डोळे उघडेनात, श्वास घेववेना. मी प्रचंड घाबरलो होतो. मुलीला चारला शाळेतून आणायचंय, एवढंच डोक्यात फिरत होतं.

तेवढ्यात कानाशी कुणीतरी म्हणालं, "मेले."

स्पष्ट. जरासं चिडवल्यासारखं. भीतीपोटी मला आधी मराठीच अर्थ लागला, वाटलं संपलं सगळं. पुन्हा आलं, "मेले... मेले." तेव्हा ट्यूब पेटली. मागच्या भिंतीवर गच्चीची लोखंडी शिडी होती. चाचपडत ती धरली, चढलो, डोक्याने झाकण ढकललं आणि उन्हात पालथा पडलो. जरा दिसायला लागलं तर समोर टाकी. रंगकाम करणाऱ्यांनी तिचा खालचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद करून ठेवला होता. ऑइल तापायचं कारण तेच.

वास येताच सेल्वम धावत आला होता. त्याने मास्क चढवून कूलरला येणारी लाइन बंद केली. खोलीत दुसरं कुणीही नव्हतं, मशीनही बंद होती.

मित्र म्हणतात, गुदमरल्यावर मेंदू काहीही ऐकवतो. असेल. पण माझा मेंदू तर "खाली बस" म्हणत होता.

डोळे बरे झाल्यावर मांबलमला गेलो. रामोजीरावांनी सगळं ऐकून घेतलं. मग पाटी मांडीवर ओढली. मला वाटलं, आता काहीतरी उलगडा होईल. त्यांनी वेड्यावाकड्या देवनागरीत लिहिलं, ‘माझा आवाज कसा होता?’

"विसरलेत ते, बाबा," त्यांच्या बायकोने हळूच सांगितलं.

"तुमचाच होता, काका," मी म्हणालो. "चिडवल्यासारखा."

त्यांनी पाटी पुसली नाही. बोटाने खूण केली, पुन्हा सांग.

उलगडा मला आजही झालेला नाही. रविवारी त्यांच्याकडे जातो आणि पुन्हा सांगतो.