एका दिवसापुरता ओवारा

नाना गेल्याचं सांगायला त्यांचा मुलगा प्रकाश मिलच्या गेटवर आला. "काका, नाना चले गए..." एवढंच म्हणाला. सुरतेतल्या पांडेसऱ्याहून आम्ही रिक्षानं नवागामला, आमच्या गल्लीत, निघालो. खरं सांगायचं तर दुःखाआधी मला थकवाच आला. गेली काही वर्षं नाना एक गोष्ट मनात धरून बसले होते, आणि तिच्यात माझाही वाटा होता. त्यांच्याशी ते बोलून मोकळं व्हायचं राहूनच गेलं.

नाना आणि मी एकाच मिलमध्ये कापड रंगवायचो, एकाच गल्लीत राहायचो. दोघंही खानदेशातले, तापीकाठचे. सुरतेत आल्यावर यांनी खोलीआधी नदी शोधली, असं त्यांची बायको, आमची माई, चेष्टेनं सांगायची. सुट्टीच्या दिवशी ते बस पकडून ओवाऱ्यावर, म्हणजे तापीच्या दगडी पायऱ्यांवर, जाऊन बसत. वाळूनं नखांतला रंग घासत. तो काही जात नसे. "हाई पानी आपला गाववरथीन येस," असं मला दर वेळी नव्यानं सांगत, जसं काही मी परमुलखातला होतो! श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, घरोघरी पाटावर बसली की दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली टेम्पोत भरून तिथंच जायची. बायका डोक्यावर पाट घेऊन नाचायच्या. कानबाईला निरोप दिला की त्याच पाटावर नदीची वाळू घरी आणायची आणि चारी कोपऱ्यांत टाकायची. उरलेली वाळू नाना पत्र्याच्या डब्यात भरून फळीवर ठेवत.

चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर शहर चकाचक करायचं वारं सुटलं, त्यात ओवाऱ्याचाही नंबर लागला. तिथं बाग, फरशा आणि भोवती भिंत होणार, अशी महापालिकेची नोटीस लागली. कोणाची हरकत असेल तर कळवा, असंही त्यात होतं. गल्लीत लगेच दोन तट पडले. प्रकाश बागेच्या बाजूचा. "चिखलात नाचतो म्हणून लोक हसतात आपल्याला," तो म्हणायचा. पोराशी वाद घालून नाना दमले आणि माझ्याकडे आले. "तू लिख, तुनं अक्षर चांगलं शे." मी अर्ज लिहिला. सुनावणीला आम्ही दोघंच गेलो, बाकीच्यांना कामावर खाडा करता आला नाही.

साहेब सभ्य होते. त्यांनी खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं, आणि तुम्हाला ओवारा कधी लागतो, असं विचारलं. नानांनी क्षणभर विचार केला. "साहब, कानबाई का दिन. साल में एक दिन." साहेबांनी ते लिहून घेतलं. मी शेजारीच बसलो होतो... आमच्या लेखी 'लागणं' म्हणजे देवाचं काम. दर सुट्टीला जाऊन बसणं, पाय बुडवणं, गल्लीतल्या माणसांचे दहावे करणं, हे कोण साहेबापुढे मागतं? मिलमधला माणूस काम सांगतो, बसणं सांगत नाही. जिना उतरताना मला ते सुचलं, आणि त्याच वेळी नानाही पायरीवर थांबले. "मी काय बोली बसनू रे!" परत वर जाऊ, म्हणालो. "जाऊ दे, आते लिखाई गयं," ते म्हणाले, आणि मी जाऊ दिलं.

निकाल त्यांच्या शब्दाला धरूनच लागला. भिंत उभी राहिली. कानबाईसाठी वर्षातून एक दिवस पायऱ्यांकडचं फाटक उघडायचं ठरलं. पायऱ्यांवर गुळगुळीत फरशी आली, वाळू गेली. नाना त्या एका दिवशी जात आणि रिकामा पाट घेऊन परतत. सुट्टीला मोरीवर बसून साबणानं नखं घासत. तुमची चूक नाही, असं मी त्यांना कितीदा म्हणणार होतो. पण मग चूक कोणाची, असं त्यांनी विचारलं असतं तर? शेजारी गप्प बसलेला मीच होतो.

दहाव्याला प्रकाशच म्हणाला, ओवाऱ्यावर जाऊ. फाटकावरचा वॉचमन भला माणूस होता. हात जोडून म्हणाला, "भाई, वरसमां एक ज दिवस खुले छे. एवुं लखेलुं छे." प्रकाश चिडला, कोणत्या शहाण्यानं असं लिहून दिलं म्हणून. नानांनी त्याला कधी सांगितलंच नव्हतं. मी तिथंच सांगितलं, माझ्या गप्प बसण्यासकट. त्यानं फाटकाकडे पाठ फिरवली. मग भिंतीच्या कडेकडेनं चालत आम्ही बरंच पुढे गेलो. काठावर नुसता गाळ होता. माईनं सोबत डबा दिला होता. त्यातली वाळू पसरून प्रकाशनं पिंड मांडले.

उरलेली वाळू माईनं परत फळीवर ठेवली. परवा सुट्टीच्या दिवशी त्यांच्याकडे गेलो. प्रकाशही आता रंगखात्यातच आहे. उंबऱ्यात बसून, डब्यातली चिमूटभर वाळू घेऊन तो नखं घासत होता. देवाची वाळू ती... पण माई नुसती बघत होती, त्याला अडवत नव्हती. रंग काही निघत नव्हता. मी शेजारी टेकलो, तसा त्यानं मान वर न करता डबा माझ्याकडे सरकवला.