समोरून आलेले शब्द

माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. गंगापूरकडच्या आमच्या वस्तीत पुढचे वर्ग नव्हते आणि वडिलांना मेंढरांमागं माणूस हवं होतं. लग्न होऊन शहरात आले, शहागंजातल्या एका छापखान्याच्या लग्नपत्रिका घरी आणून घड्या घालायचं काम धरलं. ते अजून चालू आहे.

वाया गेलेल्या पत्रिकांतूनच आमचा खेळ तयार झाला. लेक तेव्हा सहावीत होती. मैत्रिणीच्या घरी तिनं इंग्रजी अक्षरांचा शब्दखेळ पाहिला आणि घरी येऊन मराठीचा करायला बसली. जाड कागदाचे चौकोन कापले, त्यांवर अक्षरं लिहिली, जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं पट्टीनं घरं आखली. काना, मात्रा, वेलांटी ज्यानं त्यानं मनानं लावायची. जोडाक्षरं नाहीत, कारण मला त्यांची भीती वाटायची. दुपारी माझ्या घड्या झाल्या की आम्ही डाव मांडायचो.

मला बोलायला जमत नाही, घरच्या माणसांतही. लेक माझ्यावरच गेली. त्यामुळं पटावर लावलेले शब्द हळूहळू आमचं बोलणंच झाले. तिनं ‘भूक’ लावला की मी उठून पोहे करायची. मी ‘कंबर’ लावला की ती येऊन दाबून द्यायची. दहावीनंतर तिला बघायला पाहुणे येऊन गेले. त्या दुपारी तिनं दोनच अक्षरं ठेवली, ‘नको’. गुण किती झाले तेही मोजलं नाही. त्या दिवशी नवऱ्यासमोर पहिल्यांदा मान वर करून मी म्हणाले, ‘पोरगी शिकू द्या.’ ती शिकली, शाळेत शिकवायला लागली.

लग्न होऊन वैजापूरला निघाली तेव्हा तिनं माझ्या मोबाईलवर मराठी शब्दांचा खेळ घालून दिला. ‘इथं दाबायचं, शब्द लावायचा. मग समोरून शब्द येतो,’ म्हणाली. गाडी दारात उभी होती, माणसं घाई करत होती. समोरून म्हणजे कुठून, हे मी विचारलं नाही. वरच्या कोपऱ्यात एका मुलीचं चित्र होतं. मला वाटलं, हीच.

मग रोज दुपारी आमचा डाव. फोनवर ‘जेवलीस का’, ‘जेवले’ एवढंच व्हायचं. खरं कळायचं ते खेळात. ‘साडी’ आला की वाटायचं, नवी घेतली असेल. ‘सासू’ आला तेव्हा दोन दिवस मला घास गोड लागला नाही. एका दुपारी आधी ‘दूर’ आला, मग ‘ताप’. मी ‘येते’ लावला. समोरून आला ‘लवकर’.

पत्रिका तशाच सोडल्या, डब्यात मेथीचे लाडू भरले आणि वैजापूरची एसटी धरली.

ती अंगणात कपडे वाळत घालत होती. मी आधी तिच्या कपाळाला हात लावला. गार होतं.

‘आई? अशी अचानक? काय झालं?’

‘तूच तर म्हणालीस. ताप हाय, लवकर ये.’

‘मी? कधी?’

मी मोबाईल पुढं केला. तिनं पाहिलं आणि हसत सुटली, हातातला टॉवेल खाली पडला. ‘अगं, ती मी नाय! कम्प्युटर खेळतोय तुझ्यासंगं!’

‘मग ही पोरगी कोण?’

‘नुसतं चित्र हाय ते. लई भोळी गं तू. जिंकलीस का तरी कधी?’

‘तुझ्याशी काय जिंकायचं,’ मी म्हणाले.

तिचं हसू थांबलं. ‘लग्न झाल्यापासून रोज मीच समजून खेळत होतीस?’

‘व्हय.’

ती पायरीवर बसली. डबा उघडून एक लाडू खाल्ला, मग दुसरा. मला विचारायचं होतं, सासू बरी वागते ना, इथं मन लागतं ना. पण पट समोर नव्हता. मी टॉवेल उचलून दोरीवर टाकला.

निघताना तिनं दोन्ही मोबाईल घेऊन काहीतरी जुळवलं. ‘आता मीच हाय समोर. पण मला उशीर होईल हां, आई.’

होतोच. मी शब्द ठेवायचा अवकाश की कम्प्युटर लगेच उत्तर द्यायचा. इतक्या लवकर कोण उत्तर देतं, हे माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं. लेकीला वर्ग आहेत, वह्या आहेत, सासरचं घर आहे. कधी तीन दिवस, कधी पाच. कम्प्युटरशी खेळायचं बटण अजून तिथंच आहे. मी ते दाबत नाही.

सोमवारी मी ‘बोल’ लावला. आज शुक्रवार. दुपारी धीर करून तिला फोन केला. ती ‘हां आई’ म्हणाली आणि माझं सगळं अडलं.

‘तुझा डाव हाय,’ एवढंच म्हणाले.

‘माहितीये गं.’ तिच्या मागं पोरांचा गलका चालला होता. ‘शब्द शोधून ठेवलाय. लांब हाय. घरी गेले की लावते.’

आता पाच वाजलेत. तिची शाळा साडेपाचला सुटते.