तिसरी सही

सकाळपासून धुकं जे बसलं होतं ते उठायला तयार नव्हतं. समोरच्या इमारतीचे वरचे मजले गायब, रस्त्यावरच्या गाड्या भरदिवसा दिवे लावून रांगत चाललेल्या. वकिलांच्या फर्मच्या दारावरची पितळी पाटी घामाघूम झाली होती. हॅलोमावशीने येता येता ती रुमालाने पुसली, वर जाऊन स्वेटर खुंटीला अडकवला आणि रोजच्या कामाला लागली. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवायचा आणि एकेका टेबलावरच्या फोनचं तोंड पुसत जायचं.

"सगळ्या वकिलांची तोंडं मीच धुते," ती म्हणायची, "पण काहींची घाण काही केल्या निघत नाही."

हे ऐकून वकीलही हसायचे. मावशीचा तेवढा अधिकार होता. फर्मच्या टेलिफोन बोर्डावर ती बसली तेव्हा पाठीवर शाळेतली वेणी होती. वडील गेलेले, आई अंथरुणाला खिळलेली, पाठचा भाऊ शिकायचा. नोकरी धरली ती भाऊ शिकेपर्यंत म्हणून. भाऊ शिकला, कमावता झाला, त्याचं लग्न झालं, पोरं झाली, आणि मावशी बोर्डावरच राहिली. तिच्या लग्नाचा विषय घरात निघायचा तो कायम 'पुढच्या वर्षी' या नावाने, आणि पुढचं वर्ष काही आलं नाही.

भावाचं घर लहान. माणसं वाढत गेली तशी मावशी आतून बाहेर सरकत सरकत स्वयंपाकघरापुढच्या बोळात आली. शेवटचं माणूस पाणी पिऊन गेलं की तिची गादी पडायची आणि पहिलं माणूस उठायच्या आत गुंडाळली जायची. भावजय वाईट नव्हती, तिखट होती एवढंच. पण आपल्या मागे दार लावून घेणं म्हणजे काय असतं, ते मावशीला या वयापर्यंत ठाऊक नव्हतं.

आज फर्मला शंभर वर्षं पूर्ण होत होती. बैठकीच्या खोलीत भाड्याच्या खुर्च्या आल्या होत्या, भिंतींच्या ओल्या रंगाचा वास सुटला होता. गेलेल्या वकिलांच्या तसबिरी उतरवून, पुसून पुन्हा टांगल्या होत्या. त्यात एक आजोबा उलटे लागले आणि सरळ करेपर्यंत सगळ्यांची हसून पुरेवाट झाली. संध्याकाळी पाहुणे, भाषणं, आणि सर्वांत जुनी कर्मचारी म्हणून मावशीला मानपत्र. ते गुपित होतं. म्हणजे मावशी सोडून सगळ्यांना सांगितलं होतं, आणि मावशीला तर ते फोनवरच कळलं होतं.

बोळा घेऊन ती धाकट्या साहेबांच्या खोलीत गेली. थोरल्या साहेबांचा हा मुलगा, फर्ममध्ये येऊन थोडीच वर्षं झालेला. तो टेबलावर दोन्ही कोपरं टेकून बसला होता.

"मावशी, फोन राहू द्या. दार लावा. बसा."

"काय झालं? तोंड का उतरलंय?"

त्याने एक जाड कागद तिच्यासमोर सरकवला. "हे चष्मेवाल्यांचं मृत्युपत्र."

मावशीने मान खाली घातली. चष्मेवाले गेल्या महिन्यात गेले होते. चौकात त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, मागे दोन खोल्या, त्यांना गल्लीकडून वेगळं दार. शेजाऱ्याशी एका गटारावरून त्यांचा दावा होता, तेव्हापासून ते रोज दुपारी फोन करायचे. दावा निकाली निघाला, फोन काही थांबले नाहीत. "वकीलसाहेब आहेत का?" असं विचारायचे, आणि आहेत म्हटलं तर म्हणायचे, "मग त्यांना कशाला त्रास? तुम्हीच सांगा, जेवलात का?" एकटा माणूस. मावशी दुसरे फोन सांभाळत त्यांच्याशी बोलायची. एकदा बोलता बोलता ती बोळातल्या गादीबद्दल सांगून गेली होती. त्यावर ते एवढंच म्हणाले होते, "तुमचं पूर्ण नाव काय हो?"

"दुकान पुतण्याला दिलंय," धाकटे साहेब म्हणाले, "आणि मागच्या दोन खोल्या तुम्हाला."

मावशीला आधी नीट ऐकूच आलं नाही. जन्मभर दुसऱ्यांचं ऐकण्यात गेलेले तिचे कान.

"मला?"

"तुम्हाला. पण खरी गोष्ट पुढंच आहे." त्याने शेवटचं पान उलटलं. चष्मेवाल्यांची थरथरती सही, आणि खाली साक्षीदारांच्या तीन सह्या. पहिली कारकुनाची, दुसरी ड्रायव्हरची, तिसरी म्हणजे गुंता झालेल्या दोऱ्यासारखी एक रेघ. नाव लिहायची रीत नव्हती. सह्यांखाली फर्मचा शिक्का.

मावशीने आपली रेघ ओळखली.

फर्मची ही जुनी पद्धत. कायद्याला दोन साक्षीदार पुरतात, पण मूळ पुरुष सावध, त्यांनी तीनचा पायंडा पाडला. "एखादा मेला, एखादा पळाला, तरी एक उरतो," असं ते म्हणत. अशील सही करायला बसला की आतून हाक यायची, "साक्षीला या!" मग जे कुणी जवळ असेल ते जायचं. मजकुरावर टिपकागद झाकलेला असायचा, दुसऱ्याचं घर वाचू नये म्हणून. अशिलाने सही केलेली बघायची, आपली करायची, परत फिरायचं. मावशीचा बोर्ड दाराशीच, म्हणून तिसरी सही बहुधा तिची. असे किती कागद झाले याचा हिशेब नव्हता.

"मृत्युपत्रातून ज्याला काही मिळायचंय त्यानेच साक्ष केली," धाकटे साहेब खाली बघत म्हणाले, "तर त्याचं मिळणं रद्द होतं. बाकी सगळं राहतं. त्या खोल्याही पुतण्याकडे जातील."

"मग तेव्हाच मला का नाही अडवलंत?"

"कसं अडवणार? ते नाव तुमचं आहे हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं, त्यांची कुणी नात्यातली बाई असेल. या आठवड्यात मानपत्रावर घालायला हिशेबनिसाकडून तुमचं नाव मागवलं, तेव्हा पहिल्यांदा वाचलं मी ते. मावशी, मी तुम्हाला लहानपणापासून हॅलोमावशीच म्हणतो."

मावशीला ती दुपार आठवली. ती आत गेली तेव्हा चष्मेवाल्यांनी जाड भिंगांतून तिच्याकडे बघितलं होतं आणि लहान पोरासारखे हसले होते. "तुम्हीच आलात? बरं झालं, बरं झालं." कायदा त्यांना कुठून ठाऊक असणार? त्यांना वाटलं असेल, जिला द्यायचं तिच्याच देखत दिलं. आणि तिने वाकून, टिपकागदावर हात ठेवून, आपलं घर आपल्याच हाताने पुसून टाकलं होतं.

"दैव देतं आणि कर्म नेतं," ती म्हणाली.

"थांबा." धाकट्या साहेबांचा आवाज आणखी खाली गेला. "कोर्टात दाखल करताना प्रत्येक सही कुणाची ते प्रतिज्ञेवर लिहून द्यावं लागतं. कारकुनाला तिसरं कोण होतं ते आठवत नाही. ड्रायव्हरला तर स्वतःची सही आठवत नाही. आणि ही तिसरी कुणालाच वाचता येत नाही. आपल्याकडची एक टायपिस्ट नोकरी सोडून परदेशी गेली, ती असेल असं म्हटलं तर... मावशी, तुम्ही फक्त 'माझी नाही' म्हणा. दोन साक्षीदार उरतातच. खोल्या तुमच्या."

"थोरल्या साहेबांना ठाऊक आहे हे?"

"चूक ठाऊक नाही. दुपारी कागद बघणार आहेत. मावशी, चूक माझी आहे. तिची किंमत तुम्ही का मोजायची?"

मावशी बोर्डावर येऊन बसली. शुभेच्छांचे फोन येत होते. "धन्यवाद, जोडून देते," ती म्हणत होती आणि डोळ्यांपुढे गल्लीकडचं ते दार येत होतं. एकदा चष्मा करायला गेली होती तेव्हा बघितलं होतं. हिरवं होतं. आतून कडी होती.

मधे जरा उसंत मिळाली तेव्हा तिने घरी फोन लावला आणि भावजयीला सगळं सांगितलं.

"अहो वन्सं, मग घोडं अडलंय कुठं?" भावजय म्हणाली. "माझी नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मेलेल्या माणसाचीच तर इच्छा पुरी होतेय."

"खोटं बोलावं लागेल ना गं."

"तुम्ही? रोज 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' म्हणता, तेव्हा साहेब काय करत असतात? झोपलेले असतात!"

मावशीला हसू आलं. "ते वेगळं."

"काही वेगळं नाही. आम्हाला नकोशा झालात म्हणून सांगत नाहीये मी, तसलं काही मनात आणू नका. पण रात्री पाणी प्यायला उठले की तुमच्या पायांवरून ओलांडून जावं लागतं. मलाही बरं वाटत नाही हो ते." जरा थांबून ती म्हणाली, "तोंडचा घास टाकू नका."

मावशीने फोन ठेवला. लगेच दुसरा वाजला. एक म्हातारी बाई होती, फर्मची जुनी अशील.

"शंभर वर्षं झाली म्हणे तुमच्या फर्मला! माझा कागद सुखरूप आहे ना गं बाई? माझी पांगळी लेक त्याच्याच भरवशावर आहे."

"सुखरूप आहे, आजी."

"तूच होतीस ना सहीला? मला आठवतंय, तुझे हात गार होते."

"मीच होते," मावशी म्हणाली. फोन ठेवल्यावरही तिचा हात रिसीव्हरवरून निघाला नाही.

दुपारी थोरल्या साहेबांनी बोलावलं. खोलीत बापलेक दोघंच होते. थोरले साहेब संध्याकाळच्या भाषणाचा कागद बाजूला ठेवून चष्मेवाल्यांचं मृत्युपत्र बघत होते. शेवटच्या पानावर त्यांनी बोट ठेवलं.

"मावशी, ही तिसरी कुणाची? हा म्हणतो, त्या टायपिस्टची असावी."

धाकट्या साहेबांनी मावशीकडे बघितलं. ते बघणं आदेशाचं नव्हतं. विनवणीचं होतं.

"माझी आहे," मावशी म्हणाली.

थोरले साहेब पानं मागे उलटत गेले. मधल्या एका पानावर थांबले. तिथलं नाव त्यांनी वाचलं, मग मान वर करून मावशीकडे बघितलं, पुन्हा वाचलं. वकिलीत केस पांढरे झालेल्या त्या माणसाला आणखी काही सांगावं लागलं नाही.

"मावशी, तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय बोललात ते?" धाकटे साहेब न राहवून म्हणाले.

"कळतंय. पण साहेब, हीच रेघ मी तुमच्या कपाटातल्या निम्म्या कागदांवर ओढलीय. इथं माझी नाही म्हटलं, तर तिथली कुणाची? उद्या एखाद्याने हे दोन कागद शेजारी शेजारी धरले, तर मी कुठल्या तोंडाने सांगू की ही माझी आणि ती त्या टायपिस्टची? त्या कागदांवर कुणाच्या लेकी आहेत, कुणाच्या विधवा आहेत." तिने पानावरच्या त्या रेघेवर बोट ठेवलं. "मला घर नको होतं असं समजू नका. फार हवं होतं."

बाहेर बोर्ड वाजत होता.

"चूक फर्मची आहे," थोरले साहेब शेवटी म्हणाले. "आपण बघू, काय करता येतं ते."

'बघू' हा शब्द मावशी आयुष्यभर अशिलांना फोनवर देत आली होती. त्यात किती पाणी असतं ते तिला पुरतं माहीत होतं. तिने मान डोलावली आणि प्रतिज्ञापत्रावर सही केली. तशीच, गुंता झालेल्या दोऱ्यासारखी.

संध्याकाळी खुर्च्या भरल्या. न्यायाधीश आले, जुने अशील आले, चष्मेवाल्यांचा पुतण्याही आला. त्याने मावशीला ओळखून नमस्कार केला आणि काका तुमची फार आठवण काढायचे म्हणाला. त्याला अजून काहीच सांगितलेलं नव्हतं. मावशी म्हणाली, "चांगले होते."

थोरल्या साहेबांचं भाषण मावशीला पाठ होतं. आठवडाभर ते दाराआडून घोकत होते. 'या शंभर वर्षांत, विश्वासाने सोपवलेली एकही इच्छा आमच्या हातून वाया गेली नाही,' हे त्यातलं टाळ्यांचं वाक्य. त्या वाक्यापाशी साहेब आले, थांबले, पाण्याचा घोट घेतला आणि कागद उलटून पुढच्या परिच्छेदावर गेले. कुणाच्या लक्षात आलं नाही. पहिल्या रांगेत धाकट्या साहेबांनी मान खाली घातली.

मग सूत्रसंचालकाने मानपत्रासाठी नाव पुकारलं. पूर्ण नाव, आडनावासकट. सगळे माना वळवून बघू लागले, ही कोण बाई? मावशी उठून अर्ध्या वाटेवर आली, तेव्हा मागून ड्रायव्हर ओरडला, "अरे, ही तर आपली हॅलोमावशी!" आणि मग टाळ्यांचा असा कडकडाट झाला की थांबेना. मावशी त्या कडकडाटात उभी राहिली. मानपत्र थोरल्या साहेबांनी दिलं. त्यांनी ते लगेच सोडलं नाही. दोघांच्या हातांत ते क्षणभर तसंच राहिलं.

घरी पोहोचली तेव्हा पोरं अभ्यासाला बसली होती, भाऊ यायचा होता. भावजय स्वयंपाकघरात परात पुढ्यात घेऊन मटार सोलत होती. तिने मावशीच्या तोंडाकडे बघितलं आणि हातातली शेंग परातीत टाकली.

"बोललात ना खरं?"

"बोलले."

"मला वाटलंच होतं." भावजयीने कपाळावर हात मारला. "जन्माच्या वेड्या तुम्ही! हिरवं दार म्हणे. आता लावेल त्याला दुसराच कुणी कडी." तिचे डोळे भरून आले, तसा आवाज आणखी चढला. "आणि हातात काय ते? घोंगडं आहे का थंडीत पांघरायला?"

"मानपत्र."

"ते ठेवा कपाटावर. पोरं तेलाचे हात लावतील." मग ती बसल्या जागेवरून सरकली, भिंतीशी जागा केली. "म्हणजे आता इथंच."

"इथंच."

"मग अशा उभ्या काय पाहुण्यासारख्या? अजून एवढा ढीग पडलाय."

मावशीने स्वेटरच्या बाह्या वर केल्या, भिंतीला पाठ टेकून मांडी घातली आणि ओंजळभर शेंगा पुढ्यात ओढल्या.