नाण्यावरचा कोंबडीचा पाय

अमेरिकेच्या उत्तरेतल्या न्यू बेडफर्ड बंदरात धक्क्यामागे एनॉक गेटवुड देवमाशांच्या शिकारीचे भाले घडवायचा. दक्षिणेत व्हर्जिनियातल्या मालकाकडून पळून आलेला हा गुलाम. नावसुद्धा इथं येऊन घेतलेलं. गिऱ्हाइकांकडून आलेल्या चांदीच्या नाण्यांवर तो एक खूण ठोकायचा, कोंबडीच्या पायासारख्या तीन रेघा. त्याचा बाप शेतावरच्या कुदळींवर हीच खूण करायचा.

गावातला बंदूकवाला आणि दातांचा डॉक्टरही नाण्यांवर आपली नावं ठोकायचे, धंद्याची जाहिरात म्हणून. एनॉकचंही तसंच असेल, असं लोकांना वाटे. खरं कारण फक्त त्याच्या बायकोला, लोविनाला ठाऊक होतं. एनॉकची बहीण सुकी लहानपणीच विकली गेली होती. तिला अक्षर येत नव्हतं, पण ही खूण तिनं कुठंही ओळखली असती. एनॉकला दक्षिणेत पाऊल टाकायची सोय नव्हती. नाणी मात्र खलाशांच्या खिशातून सगळीकडे जात.

"आणि पळालेल्यांना धरणारे ओळखणार नाहीत होय?" लोविना करवादायची. "बेड्या घेऊन दारात उभे राहतील, तेव्हा त्यांच्यावरही ठोक तुझी कोंबडी!"

पुढं कायदा कडक झाला. पळालेल्यांना उत्तरेतूनही धरून नेऊ लागले. दारात सावली पडली तरी एनॉक हातोडा खाली ठेवून आधी तिकडे बघे. तरीही नाण्यांवर खूण ठोकल्यावाचून त्याला राहवत नसे.

एके दुपारी एक अनोळखी गोरा माणूस भट्टीपाशी आला. त्यानं ऐरणीवर तीन रेघांचं नाणं ठेवलं.

"हे कुणाचं काम?"

"मला काय ठाऊक, साहेब?" एनॉकनं मान वर केली नाही. मागच्या दाराकडे किती पावलं, हाच हिशोब डोक्यात.

त्या माणसानं दाराबाहेर एक नजर टाकली. मग हळू आवाजात म्हणाला, "बरं. मी मालवाहू जहाजावर असतो. ज्याचं काम असेल तो भेटला, तर निरोप दे. व्हर्जिनियात, नॉरफोकच्या खाणावळीत एक स्वयंपाकीण आहे. ती म्हणाली, त्याला सांगा, हे बंद कर. जुन्या मालकाच्या मुलानंही असं नाणं पाहिलंय. विचारत फिरतोय."

तो निघाला. उंबऱ्यापाशी पोचला तेव्हा एनॉकच्या तोंडून निघून गेलं, "बरी आहे का ती?"

"बरी आहे. दोन मुली आहेत," मागं न वळता तो म्हणाला.

एनॉकनं खुणेचा ठसा भट्टीत टाकला आणि लाल झाल्यावर घणानं सपाट केला. पण बाहेर गेलेली नाणी थोडीच परत बोलावता येणार होती! आठवड्याच्या आत नवराबायकोनं घर सोडलं आणि सीमा ओलांडून कॅनडात सेंट कॅथरिन्स गाठलं. तिथं तो घोड्यांचे नाल ठोकायचा. गाडी थांबल्याचा आवाज आला की वर्षानुवर्षं त्याचा हात हवेत थांबत राहिला.

उत्तर-दक्षिणेतलं युद्ध संपलं, गुलामगिरी गेली, तेव्हा तो नॉरफोकला गेला. धक्क्यावर तळलेले मासे विकणाऱ्या एका बाईनं त्याच्याकडे निरखून पाहिलं.

"मेल्या," ती म्हणाली, "निरोप पोचला की नाही, हे कळायला किती वर्षं काढली मी!"

आणि तिनं त्याच्या हातात मासा ठेवला.