पाहुणे आले तेव्हा रेस सुरू होत होती

मुलगी बघण्याचा तो माझा चौथा कार्यक्रम. आधीच्या तीन कार्यक्रमांतलं आता मला एवढंच आठवतं की एका घरच्या काकूंनी माझ्या चपलांचा नंबर विचारला होता. चौथा मात्र मिनिटामिनिटाने आठवतो, कारण त्या संध्याकाळी रेस होती.

मी सोलापुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. पुण्याला एम.एस्सी. करताना हॉस्टेलच्या खोलीत माझ्याबरोबर एक नाशिकची मुलगी होती. तिला फॉर्म्युला वनचं वेड. रविवारी तिच्या लॅपटॉपवर गाड्या किंचाळायला लागल्या की मी कानात कापूस घालून अभ्यासाला बसायचे. दोन महिने असे काढले. तिसऱ्या महिन्यात मीच तिला म्हटलं, "जरा सरक गं." तेव्हापासून वर्षातले वीसेक रविवार माझे ठरलेले.

माझा एक आवडता ड्रायव्हर होता. बरीच वर्षं पळत होता, हात चांगला होता, पण गाडी कायम मधल्या फळीतली मिळायची. पहिल्या तिघांत तो एकदाही आलेला नव्हता. त्या रविवारी तर त्याला सोळाव्या जागेवरून सुरुवात करायची होती.

पाहुणे चार वाजता येणार होते, म्हणजे साडेपाचला उठणार आणि साडेसहाच्या रेसला मी मोकळी, असा माझा हिशोब. पण कुंभारीजवळ त्यांच्या गाडीचं चाक पंक्चर झालं आणि भवानी पेठेतल्या आमच्या बोळाच्या तोंडाशी ती उभी राहिली तेव्हा सव्वासहा वाजले होते. माझे वडील, अप्पा, "बर्री, बर्री" करत जिना उतरले. आमच्याकडे आल्या माणसाचं स्वागत कानडीत, पुढचं बोलणं मराठीत.

तिघं होती. मुलगा, त्याची आई आणि आईचे धाकटे भाऊ. मुलगा पुण्याला नोकरीत. मामा कुंभारीचे. तीस-बत्तीस वर्षं प्रवासी बस चालवून रिटायर झालेले. पांढरा सदरा, कानांवर केस, आणि बसले की दोन्ही हात गुडघ्यांवर.

मी साडी सावरत स्वयंपाकघरात. आईने सुशीला केला होता. चुरमुरे भिजवून, पिळून, वर दाण्याचं कूट. मी ताटल्या भरत होते आणि मसाल्याच्या डब्याला टेकवून फोन उभा केला होता. आवाज बंद. आईला दिसू नये म्हणून पुढ्यात साखरेचा डबा. तिकडे युरोपात धो धो पाऊस चालला होता आणि वीस गाड्या एका साध्या गाडीमागे रांगेने निघाल्या होत्या.

तेवढ्यात मामा हात धुवायला आत आले. पंक्चर काढताना हात काळे झालेले. हात धुतले, पुसले, आणि पुसता पुसता त्यांची नजर फोनवर गेली.

"हे काय चाललंय?"

मी साखरेचा डबा आणखी पुढे सरकवला. "काही नाही मामा, रेस आहे."

"रेस?" ते वाकले. "आन् मग समदे एकामागं एक का चाललेत? मयत हाय का कुणाची?"

मला हसू आवरेना. मी सांगितलं की ट्रॅकवर फार पाणी झालं की पुढे ती गाडी, सेफ्टी कार, सोडतात, तिला कुणी ओलांडायचं नसतं. पाणी कमी झालं की ती बाजूला होते आणि मग खरी रेस.

"आस्सं." ते बघतच राहिले. मग बोट ठेवून म्हणाले, "ह्यो मागचा हाय न्हवं, त्याला काय बी दिसत न्हाय. पुढच्याच्या चाकाचं पाणी तोंडावर येतंय त्याच्या. त्यो फकस्त त्या लाल दिव्यावर चालवतोय."

मी सात-आठ वर्षं रेस बघत होते. त्या मागच्या लुकलुकणाऱ्या लाल दिव्याकडे मी कधी असं पाहिलं नव्हतं.

"तुम्ही चालवलीय अशी?"

"लई येळा. पुढं उसाचा ट्रॅक्टर, त्याला दिवा बी न्हाय. गाडीत पन्नास माणसं झोपल्याली." एवढं बोलून त्यांनी फोन उचलला आणि सरळ बाहेरच्या खोलीत घेऊन गेले. "ए अक्का, बघ तुझी सून काय बघती!"

सून हा शब्द ऐकून मुलाच्या आईने भावाकडे डोळे वटारले. माझी आई ताटल्यांचा ट्रे घेऊन दारात थिजली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. तीन कार्यक्रम मोडले होते आणि हा गाड्यांमुळे मोडणार, असं तिच्या कपाळावर लिहिलं होतं. अप्पांनी मात्र कधी नव्हे ते डोकं चालवलं. म्हणाले, "एवढ्याशा फोनवर काय दिसणार? टीव्हीला लाव की."

अप्पांचं घराखालीच चादरी-टॉवेलचं दुकान. आयुष्यात त्यांनी टीव्हीवर बातम्यांपलीकडे काही पाहिलं नव्हतं. तेही खुर्ची ओढून बसले.

मग सुरू झालं विचित्रच काहीतरी. मुलाच्या आई मला विचारायच्या, "स्वयंपाक येतो ना?" आणि मी "हो" म्हणेपर्यंत मामा विचारायचे, "ही पपईच्या रंगाची कुणाची?" त्या म्हणायच्या, "नोकरी चालू ठेवायची का पुढं?" आणि मामा, "आगं थांब की अक्का, हितं वळण आलंय!" सेफ्टी कार बाजूला झाली, गाड्या सुटल्या, आणि पहिल्याच वळणावर दोन गाड्या घसरून वाळूत गेल्या. मामांनी दोन्ही हात डोक्याला लावले. "ब्रेक मारला येड्यानं! पाण्यात कुणी मारतंय का?"

माझा ड्रायव्हर चौदावा झाला होता. मी मामांना दाखवला. त्यांनी थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हात गप हाय त्याचा. ह्यो पोचवणार माणूस."

सात वाजून गेल्यावर मुलाच्या आईने आठवण केली की मुला-मुलीला थोडं बोलू द्यावं. मी नाइलाजाने उठले. आम्ही दोघं गॅलरीत जाऊन उभे राहिलो. खाली बोळात कुणीतरी स्कूटर धूत होतं. मुलगा सरळ होता, हे सांगायलाच हवं. त्याने इकडचं तिकडचं केलं नाही.

"मला पुढच्या वर्षी बहुतेक जर्मनीला जावं लागेल. तीन वर्षं तरी," तो म्हणाला. "तुम्हाला चालेल?"

"मला माझं कॉलेज सोडायचं नाहीये," मी म्हटलं. "आणि सोलापूरही. आईअप्पांना सांगून झालंय, पण ते तुमच्यापर्यंत पोचलेलं दिसत नाही."

"नाही पोचलं." तो हसला. "मग अवघड आहे."

"अवघड आहे."

दोघांनाही हलकं वाटलं असावं. मला तर नक्कीच वाटलं. त्याने विचारलं, "तुम्हाला आत जायचंय ना?" मी नाही म्हणणार तेवढ्यात आतून मामांची हाक आली. सगळ्या बोळाला ऐकू जाईल अशी.

"पोरी! लवकर ये! तुझा गडी आत गेला की!"

खाली स्कूटर धुणाऱ्याने वर पाहिलं. आम्ही दोघंही पळालो.

पाऊस थांबून वीस मिनिटं झाली होती. गाड्यांवर अजून पाण्याचे, नक्षीचे टायर होते. ट्रॅक कधी पुरेसा सुकेल आणि गुळगुळीत टायर कधी घालायचे, हा सगळा खेळ असतो. लवकर घातले तर घसरणार, उशीर केला तर मागे पडणार. माझा ड्रायव्हर सगळ्यांच्या आधी टायर बदलायला आत शिरला होता.

"गुळगुळीत?" मामांना पटेना. "गुळगुळीत टायर म्हंजे गाडी बाजूला लावायची येळ." मग ते पुढे सरकून टीव्हीच्या काचेला नाक लागेल इतके जवळ गेले. "न्हाय न्हाय. बरोबर हाय. चाकाचा पट्टा वाळलाय बघ. दोन्ही अंगाला पाणी हाय, मधी न्हाय. पट्टा सोडला न्हाय तर जाईल."

त्याने पट्टा सोडला नाही. एकदा मागचं अंग हललं, तेव्हा माझ्या आईच्या तोंडून "अगं बाई" निघालं. ती केव्हा येऊन उभी राहिली, कुणी पाहिलंच नव्हतं. पुढच्या दोन फेऱ्यांत बाकीचे टायर बदलायला आत जात राहिले आणि हा वर येत राहिला. अकरावा, आठवा, सहावा. हे मी कुठल्या फिजिक्सने समजावणार होते? साडीचा पदर कमरेला खोचून मी उभीच होते. अप्पा विचारत होते, "आता कितवा? आता कितवा?"

तो चौथा आला. तिसऱ्याच्या अगदी पाठीशी, पण चौथा.

मी मटकन बसले. तेव्हा मामा म्हणाले, "तोंड का पाडलं? सोळाव्यावरनं चौथा आला. पाण्यातनं आला. गाडीला वरखडा न्हाय." मग पहिले तिघं एकमेकांवर बाटलीतून काहीतरी फवारताना पाहून त्यांनी विचारलं, ते काय आहे. मी सांगितलं, शॅम्पेन. "वाया घालवत्यात की," ते म्हणाले, आणि उठून सदरा झटकला.

एवढ्या उशिरा पाहुण्यांना जेवल्याशिवाय कसं पाठवायचं? आईने डाळ लावली होती, कडक भाकरी होती, शेंगाची चटणी होती. सगळे पोटभर जेवले. जाताना मुलाच्या आईने माझ्या हातात नारळ ठेवला आणि कळवतो म्हणाल्या. काय कळवणार ते गॅलरीत ठरूनच गेलं होतं. दोन दिवसांनी फोन आला, गोड शब्दांत. आई चार दिवस माझ्याशी मोजकं बोलली. पाचव्या दिवशी विचारलं, "तो चौथा आलेला, त्याला काही बक्षीस असतं का गं?"

दोन आठवड्यांनी, रविवारी सकाळी अप्पांच्या फोनवर मामा. बोलणं मला ऐकू येत होतं. "सोयरीक न्हाय जमली, न्हाय जमली. त्यात काय. आज हाय का ते?"

ते संध्याकाळी मोटारसायकलवर आले. मागे मामी, मामींच्या मांडीवर मेथी आणि वांग्यांची पिशवी. मामी आईबरोबर स्वयंपाकघरात बसल्या, तासाभरात दोघींची कानडी सुरू झाली, आणि आम्ही तिघं टीव्हीसमोर. त्या सीझनमध्ये मामा बहुतेक रेसला आले. नाही आले तर दर दहा मिनिटांनी फोन. त्यांनीही एक ड्रायव्हर धरला, शेवटच्या जागेवर पळणारा एक नवखा. मी विचारलं, हाच का? म्हणाले, "त्याच्यावर कॅमेरा येत न्हाय. कुणीतरी बघाया पायजे की."

एकदा असंच बोलता बोलता त्यांनी विचारलं, "तुला गाडी येती न्हवं?"

"नाही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "एवढं टायरचं, ब्रेकचं सांगती, आन् गाडी येत न्हाय?"

पुढच्या शनिवारपासून त्यांनी मला कुंभारीला बोलावलं. त्यांची जुनी छोटी कार, गावाबाहेरचा सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना ज्वारी. मामा शिकवताना ओरडायचे नाहीत. क्लच सोडताना गाडी आचका देऊन बंद पडली की म्हणायचे, "झालं. आता परत." एकदा बारा वेळा बंद पडली. तेराव्यांदा निघाली तेव्हा त्यांनी नुसती खिडकीची काच खाली केली.

दोन महिन्यांनी ते म्हणाले, आज घरापर्यंत तू घे. शहरात शिरल्यावर मी दुसऱ्या गिअरच्या वर गेलेच नाही. रिक्षा, हातगाडे, मध्येच थांबून बोलणारी माणसं. मामा शेजारी हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. आमचा बोळ इतका अरुंद की आत गाडी वळवता येत नाही, म्हणून रिव्हर्सच घालावी लागते. मी घालायला लागले आणि बोळ जमा झाला. शेजारच्या काकू "इकडं, इकडं" म्हणून हात करत होत्या, समोरचे दुकानदार बरोबर उलटा हात करत होते, आणि अप्पा दुकानातून टॉवेलांचा गठ्ठा तसाच हातात घेऊन बाहेर आले.

"कुणाचं बी ऐकू नको," मामा म्हणाले. "आरसा बघ."

मी आरसा बघितला आणि गाडी मागे घेतली.