मर्लचे हात कुठे सुटतात

आयोवातल्या आमच्या गावात हिवाळाभर एकच वाद चालतो: कॉलेजच्या कुस्तीत राष्ट्रीय विजेतेपद एकदाच जिंकलेल्यांत सगळ्यात भारी कोण? कुस्ती कधीच सोडलेले हे म्हातारे गाढव त्यापायी माझ्या हॉटेलातले कप फोडतात. गेल्या वर्षी तर त्यांच्यातल्या डेलचा दात पडला.

मर्ल हाफनर त्यात कधी तोंड घालत नसे. कुस्तीत कानांचे गोळे झालेला, डुकरं पाळणारा हा माणूस स्वतः एकदाच जिंकलेला. त्या फायनलमध्ये त्यानं समोरच्याचा हात पाठीवर असा पिरगळला, की कट्‌ करून खांदा निखळला. तो पोरगा पुन्हा कधी मॅटवर उतरला नाही. पुढच्या दोन्ही वर्षी मर्ल फायनलला हरला.

त्या शनिवारी डेलला चेव चढला. "मर्लचं नाव कशाला घेता रे? एकदा नशिबानं जिंकला, मग शेपूट घातली!"

मर्लनं उठून त्याला टेबलावरूनच ओढून खाली आपटलं. खुर्ची मोडली, डेलचं नाक फुटलं, फरशीवर रक्त सांडलं. मर्ल त्याच्या पाठीवर बसला आणि हात पिरगळत वर वर नेऊ लागला. डेल गुरासारखा ओरडला.

"सोड मर्ल, मोडशील!" आम्ही त्याला ओढत होतो. तो जागचा हलेना.

खांद्यात कट्‌ आवाज झाला, आणि मर्लनं आपणहून हात सोडला.

"दोन्ही फायनलला इथवरच आलो होतो, डेल," तो धापा टाकत म्हणाला. "हा आवाज ऐकला की माझे हात सुटतात."